पाण्याच्या बोगद्यासाठी पर्यावरणीय स्थळ मूल्यांकन: कामाचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

शहराला पाणी पुरवणारा बोगदा जमिनीखाली ७० मीटरवरून जाणार असतो आणि स्थळ मूल्यांकनाच्या अहवालात मातीचे नमुने असतात ३ मीटर खोलीचे. सोबत शाफ्टच्या (बोगद्यापर्यंत उतरणाऱ्या उभ्या विवराच्या) जागेचे फोटो, शेजारच्या पेट्रोल पंपाची नोंद, नकाशावर मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारख्याच रुंदीचा पट्टा आणि शेवटी ‘चिंतेचं कारण आढळलं नाही’ हे वाक्य. असे अहवाल मंजूरही होतात. मग खोदकाम सुरू झाल्यावर डिझेलच्या वासाचं पाणी आत येतं, खोदून काढलेला माल टाकायला परवानगीची जागा नाही म्हणून टिपर रांगेत उभे राहतात, आणि उपसलेलं पाणी सोडायचं कुठे या प्रश्नावर काम अडतं.

ही चूक सहसा आळसातून होत नाही. प्लॉट विकत घेताना वापरायची पद्धत जशीच्या तशी बोगद्याला लावली जाते, तिथे गफलत होते. प्लॉट आपल्या हद्दीत बसून असतो. बोगदा खोदताना आजूबाजूचं भूजल स्वतःकडे ओढून घेतो, जमिनीच्या पोटातला माल वर काढून दुसरीकडे पाठवतो आणि पुढे शंभरेक वर्षं पिण्याचं पाणी वाहून नेतो. म्हणून इथे तीन प्रश्न विचारायचे: बोगद्याकडे काय येऊ शकतं, बोगद्यातून बाहेर काय जाणार आहे, आणि वाहत्या पाण्यात काय मिसळू शकतं. पुढच्या टप्प्यांतलं प्रत्येक काम यांपैकी कोणत्या ना कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी आहे.

आणखी एक घोळ आधीच मिटवू. पर्यावरण प्रभाव मूल्यांकनात प्रकल्पाचा परिसरावर काय परिणाम होईल ते तपासतात. झाडं, धूळ, आवाज, वाहतूक हे सगळं त्यात येतं. स्थळ मूल्यांकनात जागेत आधीपासून काय दडलंय आणि ते कामगारांना, कामाला व पाण्याला काय करेल ते तपासतात. एक अहवाल तयार आहे म्हणून दुसरा टळत नाही.

## टप्पा १: कागद उघडण्याआधीची तयारी

आराखडाकारांकडून फक्त वरून दिसणारा नकाशा घेऊ नका. एल-सेक्शनही (बोगद्याच्या लांबीभरचा उभा छेद) घ्या. प्रत्येक चेनेजला (बोगद्याच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतराला) जमिनीची पातळी, बोगद्याचा माथा, तळ, झिजलेल्या खडकाची जाडी आणि ठाऊक असल्यास भूजलाची पातळी, एवढं एका तक्त्यात मांडा. पुढचं सगळं काम या तक्त्यावर उभं राहतं.

नंतर जिथे जिथे जमीन उकरली जाईल, झाकली जाईल किंवा तिच्यावर काही ओतलं जाईल, त्या सगळ्या जागांची यादी करा: यंत्र उतरवायचा शाफ्ट, बाहेर काढायचा शाफ्ट, मधले शाफ्ट, आडवे जोडबोगदे, सेगमेंट (अस्तराचे काँक्रीटचे तुकडे) बनवण्याचं यार्ड, काँक्रीट मिसळण्याचा बॅचिंग प्लांट, डिझेल साठवण्याची जागा, उपसलेलं पाणी सोडण्याचं ठिकाण, आणि माल टाकण्याची जागा. शेवटची जागा बहुतेक अहवालांत नसतेच, कारण ‘ते कंत्राटदार बघेल’ असं गृहीत धरलेलं असतं. ती यादीत हवीच. तिथली जमीन आधीच दूषित असेल आणि त्याची नोंद नसेल, तर उद्या तो दोष तुमच्या मालावर येईल.

खोदण्याची पद्धत विचारून घ्या. पुढचा भाग बंद ठेवून दाबाखाली चालणारं टीबीएम (बोगदा खोदणारं यंत्र), उघड्या तोंडाचं टीबीएम आणि सुरुंगाचं काम या तिन्हींत भूजल आत येण्याचं प्रमाण फार वेगळं असतं. किती गळती चालवून घेणार आहेत, हेही लेखी मागा.

तपासा: तुमच्या पथकात भूजलतज्ज्ञ पहिल्या दिवसापासून आहे का? तो अहवालाच्या शेवटी सही करायला येणार असेल, तर टप्पा २ चुकलाच म्हणून समजा.

## टप्पा २: अभ्यासाचा पट्टा किती रुंद ठेवायचा

‘मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना अमुक मीटर’ असा सरळ पट्टा आखणं सोपं असतं, म्हणून सगळे तसाच आखतात. पण खडकातलं पाणी पट्टीने मोजून येत नाही. अखंड, बंद खडकात प्रभावक्षेत्र अरुंद असतं. भ्रंश (खडक तुटून सरकलेली जागा) किंवा भेगांचा पट्टा आडवा आला की तोच भाग पन्हळीसारखा दूरवरून पाणी ओढतो. ऑस्लोजवळच्या रोमेरिक्सपोर्टन रेल्वे बोगद्याच्या बांधकामात १९९०च्या दशकात गळतीमुळे वरच्या जंगलातल्या पुट्टयर्न तळ्याची पातळी घसरली होती. तळ्याचं पाणी खाली येऊ शकतं, तर कचराभूमीचं किंवा जुन्या कारखान्याखालचं पाणीही येऊ शकतं.

म्हणून पट्टा असा आखा: आधी भूशास्त्रीय नकाशावरचे भ्रंश, डाइक (खडकात भिंतीसारखे घुसलेले अग्निज खडक) आणि खडक बदलण्याच्या जागा बोगद्याच्या रेषेवर मांडा. मग भूजलाच्या प्रवाहाची दिशा काढा. वरच्या अंगाला पट्टा रुंद ठेवा, भ्रंशाच्या दिशेनं त्याला लांब ‘बोटं’ काढा, आणि जिथे यंत्र बंद तोंडाने जाणार आहे तिथे तो आवळा. नकाशावर हा पट्टा ओबडधोबड दिसेल. तसाच दिसायला हवा.

जमीन खरेदीसाठी जगभर वापरलं जाणारं एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेचं ई १५२७-२१ हे मानक धोकादायक नोंदी जागेच्या हद्दीपासून जास्तीत जास्त १ मैलापर्यंत शोधायला सांगतं. शाफ्ट आणि यार्ड यांच्यासाठी ते चांगलं आहे. बोगद्याच्या लांबीसाठी मात्र ती सुरुवात समजा. मानक पाळलं म्हणून बोगद्याचा अभ्यास पूर्ण झाला, असं होत नाही.

## टप्पा ३: जागेचा इतिहास

याच मानकाची एक अट मला फार उपयोगी वाटते: जागेचा पहिला विकसित वापर किंवा १९४० साल, यांतलं जे आधीचं असेल तिथपर्यंत मागे जा. जुने भूमापन नकाशे, विमानातून घेतलेली छायाचित्रं, उपग्रह प्रतिमा, कारखान्यांचे परवाने, स्फोटक व इंधन साठ्याचे परवाने, अग्निशमन दलाच्या आगीच्या नोंदी, प्रदूषण नियंत्रण यंत्रणेच्या फाइली, विहिरी आणि बोअरवेलच्या नोंदी असं सगळं गोळा करून वर्षवार थर लावा. मधली पंधरा-वीस वर्षं कोरी राहिली असतील, तर अहवालात ती कोरी आहेत असं लिहा. तेवढ्या काळात एक कारखाना उभा राहून पाडलाही गेलेला असू शकतो.

काय शोधायचं, ते धंद्यानुसार ठरतं:

- पेट्रोल पंप, बस डेपो, रेल्वे यार्ड: बेंझीन आणि इतर इंधनद्रव्यं
- ड्रायक्लीनिंग आणि धातूचे भाग धुण्याचे कारखाने: पीसीई, टीसीई यांसारखी क्लोरिनयुक्त द्रावकं
- इलेक्ट्रोप्लेटिंग: षट्संयुजी क्रोमियम, सायनाइड
- चामडं कमावण्याचे कारखाने: क्रोमियम, सल्फाइड
- कोळशापासून वायू बनवण्याची जुनी केंद्रं: डांबर, फिनॉल, सायनाइड
- जुनी वीज उपकेंद्रं: रोहित्रांच्या तेलातले पीसीबी (क्लोरिनयुक्त विषारी संयुगं)
- विमानतळ आणि अग्निशमन सराव मैदानं: फोममधले पीएफएएस (सहज न विघटणारी फ्लोरिनयुक्त रसायनं)
- कचराभूमी आणि भराव टाकून बुजवलेल्या खाणी, तळी, नाले: मिथेन, अमोनिया, काहीही

या यादीतल्या दुसऱ्या ओळीकडे खास लक्ष द्या. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून ते पाणीपातळीवर तरंगतं आणि खोल बोगद्यापर्यंत सहसा पाण्यात विरघळूनच पोचतं. टीसीईची घनता पाण्याच्या जवळपास दीडपट आणि पीसीईची त्याहूनही जास्त असते. ही द्रावकं पाणीपातळी ओलांडून भेगांतून खाली खाली उतरत राहतात. त्यामुळे खोल बोगद्याच्या दृष्टीने पेट्रोल पंपापेक्षा चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेली छोटी ड्रायक्लीनिंगची भट्टी अधिक घातक ठरू शकते. अहवालांत मात्र पेट्रोल पंपावर दोन पानं असतात आणि ड्रायक्लीनिंगचा उल्लेखही नसतो.

माणसाने काहीच केलं नसेल तिथेही खडक स्वतः त्रास देऊ शकतो. पायराइट असलेला खडक हवेत आला की आम्ल सोडतो. काही खडकांत आर्सेनिक असतं, काहींत नैसर्गिक अॅस्बेस्टॉसचे तंतू. ग्रॅनाइटसारख्या खडकांत रेडॉन, कोळसा आणि शेलमध्ये मिथेन. ‘जागा कोरी आहे’ एवढ्यावर इतिहासाचं प्रकरण संपवू नका.

सावध: सोडून दिलेल्या जुन्या बोअरवेल आणि विहिरी वेगळ्या नकाशावर टाका. दूषित पाण्याला वरून थेट बोगद्याच्या पातळीवर उतरायला त्या तयार नळ्या असतात. आत अडकलेलं केसिंग किंवा पंप यंत्राच्या तोंडाशी आला तर कटर तुटतात, ती गोष्ट वेगळीच.

## टप्पा ४: प्रत्यक्ष पाहणी

शाफ्ट आणि यार्डच्या जागा दोनदा पाहा, एकदा कोरड्या दिवसात आणि एकदा पावसानंतर. उरलेली रेषा गाडीतून न बघता पायी चाला. जमिनीतून वर आलेला एकटा लोखंडी पाइप म्हणजे पुरलेल्या टाकीचा हवा जाण्याचा मार्ग असू शकतो. फरशीतला चौकोनी नवा तुकडा, तेलकट साय असलेलं गटार, खुरटलेल्या गवताचा पट्टा यांचे फोटो चेनेज आणि अक्षांश-रेखांशासह घ्या.

मुलाखतीसाठी व्यवस्थापकापेक्षा जुना रखवालदार, निवृत्त फिटर आणि त्या भागात बोअर मारणारे कामगार जास्त सांगतात. ‘इथे प्रदूषण झालं होतं का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’च येणार. ‘धुतलेलं पाणी कुठे सोडायचे?’, ‘टाकी बदलली तेव्हा जुनी कुठे गेली?’, ‘बोअरच्या पाण्याला वास केव्हापासून यायला लागला?’ असं विचारा.

## टप्पा ५: उगम, वाट आणि पोचण्याची जागा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या आणि ड्रिलिंगच्या आधी तो पूर्ण करा. घाईत लोक याला अहवालाच्या शेवटची सजावट समजतात. त्यामुळे बोअरहोल चुकीच्या जागी पडतात.

प्रत्येक संशयित उगमासाठी तीन गोष्टी लिहा: पदार्थ कोणता, तो बोगद्यापर्यंत कोणत्या वाटेने येईल, आणि तो पोचला तर कोणाला बाधेल. तिसऱ्या रकान्यात खोदणारा कामगार, उपसलेलं पाणी ज्यात सोडणार तो ओढा, माल टाकण्याची जागा, अस्तराचं काँक्रीट आणि पाणी पिणारा नागरिक हे पाचही वेगवेगळे धरा.

दाबाची तुलना. पाण्याच्या बोगद्याचं इतर बोगद्यांपेक्षा वेगळेपण इथे आहे. बोगद्यातल्या पाण्याचा दाब बाहेरच्या भूजलाच्या दाबापेक्षा जास्त असेल तर गळती बाहेर जाते, कमी असेल तर बाहेरचं पाणी आत शिरतं. म्हणून एल-सेक्शनवर दोन रेषा काढा: चालू स्थितीतली जलदाबरेषा (बोगद्यातलं पाणी दाबाने जिथवर चढेल ती पातळी) आणि भूजलाची पातळी. मग तीच तुलना बोगदा देखभालीसाठी रिकामा केल्यावर काय होईल आणि पंप किंवा झडप अचानक बंद झाल्यावर क्षणभर दाब पडला तर काय होईल, या दोन स्थितींसाठीही करा. भूजलाची रेषा वर आणि तिथेच दूषित उगम, असे जे चेनेज सापडतील ते लाल करा. अस्तर कुठे जास्त घट्ट हवं, ग्राउटिंग (सिमेंट किंवा रसायन भरून भेगा बंद करणं) कुठे वाढवायचं आणि बोगदा पुन्हा भरताना पहिलं पाणी कुठलं वाया सोडायचं, हे त्यांवरून ठरेल. मी पाहिलेल्या अहवालांत ही तुलना क्वचितच असते. आराखडाकारांकडे पहिली रेषा असते, पर्यावरणवाल्यांकडे दुसरी, आणि दोघं एका टेबलावर बसलेले नसतात.

वायू. पाण्याच्या बोगद्यांत मिथेनने माणसं मेली आहेत. २४ जून १९७१ला कॅलिफोर्नियातल्या सिलमार इथल्या पाण्याच्या बोगद्यात स्फोट होऊन १७ कामगार गेले. त्याच वर्षी ११ डिसेंबरला मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉन इथल्या पाण्याच्या बोगद्यात २२. इंग्लंडमधल्या अॅबिस्टेडची घटना स्थळ मूल्यांकन करणाऱ्यांनी विसरू नये अशी आहे. तिथला जलवाहिनी बोगदा बांधून झाला होता, वापरात होता. भूजलातून आलेला मिथेन पाणी न सोडलेल्या दिवसांत बोगद्यात साठला, पाणी सुरू केल्यावर तो झडपघरात ढकलला गेला, आणि २३ मे १९८४ला तिथे भेटीला आलेल्या लोकांसह १६ जणांचा बळी गेला. मिथेन दाबाखालच्या पाण्यात विरघळून प्रवास करतो आणि दाब सुटला की बाहेर पडतो. त्यामुळे वरच्या मातीत वायू सापडला नाही, यावरून खोल खडकाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की तो पेट घेतो. वायूचा रकाना बांधकामाच्या काळासाठी आणि वापराच्या काळासाठी स्वतंत्र भरा.

बांधकामातून येणारं. काही पदार्थ आपणच आणतो. सुरुंगाच्या दारूतून अमोनिया आणि नायट्रेट, ग्राउट आणि शॉटक्रीटमुळे (फवारून लावलेल्या काँक्रीटमुळे) पाण्याचा सामू (पीएच) ११-१२पर्यंत, माती मऊ करणाऱ्या टीबीएममध्ये फोम. स्वीडनमधल्या हालांडसोस रेल्वे बोगद्यात १९९७मध्ये गळती थांबवायला वापरलेल्या रासायनिक ग्राउटमधून अॅक्रिलअमाइड ओढ्यात गेलं, मासे मेले, गुरांना पक्षाघात झाला आणि काम बंद पडलं. पिण्याच्या पाण्याच्या बोगद्यात तर ग्राउट, सीलंट आणि गॅस्केट यांतला प्रत्येक पदार्थ पिण्याच्या पाण्याला चालतो का, ते याच टप्प्यात विचारा. इंधनद्रव्यांनी रबरी गॅस्केट फुगतात, सल्फेटने काँक्रीट झिजतं, म्हणून अस्तराच्या बाहेरच्या पाण्याची प्रतही आराखडाकाराला लागणार आहे.

तपासा: तक्त्यातल्या प्रत्येक लाल चेनेजसमोर ‘हे खरं की खोटं हे कोणत्या बोअरहोलमधून कळेल?’ याचं उत्तर लिहिता येतंय का? येत नसेल तर अजून ड्रिलिंगला जाऊ नका.

## टप्पा ६: बोअरहोलची आखणी

भू-तांत्रिक बोअरहोल तसेही पडणार असतात. त्यांतूनच पर्यावरणाचे नमुने घेण्यात गैर काही नाही, पण जागा, क्रम आणि ड्रिलिंगचं द्रव हे तिन्ही ठरवताना तुम्ही तिथे हवे.

1. बोअरहोल नेमकं बोगद्याच्या रेषेवर घेऊ नका, बाजूला सरकवून घ्या. नीट न बुजवलेलं भोक पुढे यंत्राच्या तोंडाशी पाणी, फोम किंवा ग्राउट वर फेकायला वाट देतं.
2. खोली बोगद्याच्या तळाखाली निदान एक-दोन व्यासांइतकी ठेवा. माथ्यापर्यंत जाऊन थांबलेलं बोअरहोल जड द्रावकांबद्दल काहीच सांगत नाही.
3. वर दूषित थर असेल तर आधी तिथे केसिंग बसवून ग्राउटने बंद करा, मग लहान व्यासाने पुढे जा. नाहीतर वरची घाण तुम्हीच खाली पोचवाल.
4. कमी संशयाच्या जागेपासून सुरू करून सर्वात दूषित जागा शेवटी घ्या. दर जागेनंतर रॉड आणि बिट गरम वाफेने धुवा.
5. एकाच बोअरहोलमध्ये वेगवेगळ्या खोलीवर, एकमेकांपासून बंद केलेले पीझोमीटर (भूजलाचा दाब मोजणारी साधनं) बसवा. पूर्ण लांबीला जाळी असलेल्या विहिरीत सगळ्या भेगांचं पाणी मिसळतं आणि कुठल्या भेगेतून काय आलं ते कायमचं हरवतं.
6. पॅकर (भोकाचा एक कप्पा वेगळा बंद करणारा फुगणारा बूच) लावून पारगम्यतेची (खडकातून पाणी किती सहज जातं याची) चाचणी घ्याल, तेव्हा त्याच कप्प्यातला पाण्याचा नमुनाही घ्या. दुसऱ्यांदा तिथे जायचा खर्च कोणी देत नाही.

काम संपलेलं प्रत्येक भोक सिमेंट-बेंटोनाइटने तळापासून वर भरत आणायचं. वरून ओतलं की मध्येच अडकतं आणि खाली पोकळी राहते. किती लिटर लागायला हवं होतं आणि प्रत्यक्ष किती गेलं, हे दोन्ही आकडे नोंदवा.

सावध: रिगखाली (ड्रिलिंगच्या यंत्राखाली) ठिबकणारं हायड्रॉलिक तेल नमुन्यात सापडतं आणि मग महिनाभर ‘इथे डिझेल आहे’ यावर वाद चालतो. रिगखाली ताडपत्री आणि तेल शोषणारं कापड पहिल्या दिवसापासून हवंच.

## टप्पा ७: नमुने घेणं

विहिरीतलं साठलेलं पाणी हे भूजलाचं खरं रूप नसतं. हळू पंपाने, साधारण ०.१ ते ०.५ लिटर प्रतिमिनिट वेगाने उपसा, विहिरीतली पातळी १० सेंटिमीटरपेक्षा जास्त पडू देऊ नका, आणि ३ ते ५ मिनिटांच्या अंतराने वाचनं घ्या. सलग तीन वाचनांत सामू ०.१च्या आत, विद्युतवाहकता ३ टक्क्यांच्या आत आणि विरघळलेला प्राणवायू व गढूळपणा १० टक्क्यांच्या आत स्थिरावला की नमुना घ्या. तासभर लागेल, लागू दे. बेलर (दोरीने विहिरीत सोडायची नळी) टाकून भराभर पाणी काढणारा माणूस वाऱ्यावर उडून जाणारी द्रव्यं विहिरीवरच घालवतो आणि प्रयोगशाळा प्रामाणिकपणे ‘आढळलं नाही’ असं लिहून देते.

क्रम असा: आधी उडून जाणारी द्रव्यं, मग विरघळलेले वायू, मग बाकीची सेंद्रिय द्रव्यं, मग धातू, शेवटी साधे क्षार. उडून जाणाऱ्यांसाठी ४० मिलीलिटरच्या बाटल्या काठोकाठ भरायच्या. उलटी करून टिचकी मारल्यावर बुडबुडा दिसला तर तो नमुना टाकून द्या, नवा घ्या. आम्ल घातलेले आणि ४ अंशांच्या आसपास ठेवलेले हे नमुने १४ दिवसांत तपासले गेले पाहिजेत. षट्संयुजी क्रोमियमला खास परिरक्षक नसेल तर फक्त २४ तास मिळतात, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी घेतलेला नमुना वाया गेल्यात जमा. प्रयोगशाळेला आधी फोन करा. पीएफएएससाठी टेफ्लॉनची टेप, टेफ्लॉनचे नळ आणि पाणी न शिरणारे खास जॅकेट लांब ठेवा, कारण नमुन्यात त्यांचाच अंश येतो.

विरघळलेल्या मिथेनसाठी नमुना खोलीवरच, दाब कायम ठेवणाऱ्या बंद नळकांड्यात घ्यावा लागतो. नमुना उघड्याने वर आणला तर वाटेतच वायू निघून जातो.

खडकाच्या कोअरचंही (ड्रिलने काढलेल्या दंडगोल तुकड्याचंही) असंच. कोअर बॉक्समध्ये आठवडाभर उन्हात पडलेल्या तुकड्यात द्रावक शोधण्यात अर्थ नाही. भेगेलगतचा तुकडा वर आल्याबरोबर फोडून थेट रसायन भरलेल्या बाटलीत टाका. पायराइटच्या तपासणीला मात्र सुका कोअर चालतो. आम्ल किती तयार होईल आणि खडकातला चुना त्यातलं किती मारेल, या दोन्हींचा हिशेब मागा.

तपासा: दर दहा-वीस नमुन्यांमागे एक दुहेरी नमुना, प्रत्येक पेटीत प्रयोगशाळेतून आलेली आणि न उघडता परत जाणारी एक कोरी बाटली, धुतलेल्या उपकरणावरून ओघळलेल्या शुद्ध पाण्याचा एक नमुना, आणि नमुना कोणाच्या हातून कोणाकडे केव्हा गेला याचा सह्या असलेला फॉर्म. यांतलं एक जरी नसेल, तर आकडा बरोबर असूनही वादात टिकत नाही.

## टप्पा ८: आकडा कशाशी ताडायचा

एकाच मर्यादेशी सगळे आकडे ताडणं ही इथली हमखास चूक. भूजलातलं तेच बेंझीन चार ठिकाणी वेगवेगळं मोजलं जातं: कामगाराच्या श्वासात, ओढ्यात सोडायच्या पाण्यात, टाकायच्या मालात, आणि पिण्याच्या पाण्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मूल्यांनुसार पिण्याच्या पाण्यात बेंझीन आणि आर्सेनिक दोन्ही लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. ओढ्यात सोडण्याच्या आणि माल टाकण्याच्या मर्यादा स्थानिक कायद्यातून घ्याव्या लागतात. तक्त्यात चार स्वतंत्र रकाने ठेवा. आकडे भरण्याआधी प्रयोगशाळेची शोधण्याची क्षमता मर्यादेपेक्षा खाली आहे का ते पाहा. मर्यादा १० आणि क्षमता ५०, मग ‘आढळलं नाही’ला काही अर्थ उरत नाही.

आणि लक्षात ठेवा, आज मोजलेली पातळी स्थिर भूजलातली आहे. बोगदा ओढायला लागला की सहा महिन्यांनी दूरचं पाणी येईल. उगम दूर असेल तर आजचा स्वच्छ नमुना हा निकाल म्हणून न धरता पुढच्या तुलनेचा पाया म्हणून नोंदवा.

## टप्पा ९: मालाचा हिशेब

खोदलेला व्यास ५ मीटर असेल तर दर किलोमीटरला सुमारे १९,६०० घनमीटर घट्ट खडक निघतो. फुटल्यावर तो दीडपटीहून जास्त फुगतो, म्हणजे ३०,००० घनमीटरच्या आसपास. १० घनमीटरच्या टिपरने ३,००० फेऱ्या. एवढा माल ‘तपासून ठरवू’ म्हणून यार्डात थांबवता येत नाही. तपासणीचा निकाल यायला जितके दिवस लागतात तितक्या दिवसांच्या उत्पादनाला पुरेल एवढी वेगळे ढीग लावायची जागा, खाली न पाझरणारा तळ आणि वाहून येणारं पाणी गोळा करण्याची टाकी, हे यार्डच्या नकाशात आत्ताच धरा.

टप्पा ५च्या तक्त्यावरून चेनेजवार वर्ग पाडा: निर्धोक, आम्ल सोडू शकणारा, दूषित. यंत्राचा चालक आणि यार्डचा मुकादम यांना रोज सकाळी आजच्या रिंग (अस्तराची एकेक कडी) कोणत्या वर्गात आहेत ते कळलं पाहिजे. दूषित माल चांगल्या मालात मिसळून ‘पातळ’ करणं बहुतेक कायद्यांत गुन्हा आहे आणि पकडलं गेलं की सगळा ढीग दूषित ठरतो. फोम वापरणार असाल तर त्याच्या विघटनाला किती दिवस लागतात याची चाचणी तुमच्याच मातीवर करून घ्या, उत्पादकाच्या कागदावर थांबू नका.

## टप्पा १०: अहवाल निविदेत आणि जागेवर उतरवणं

अहवाल कपाटात राहिला तर वरचं सगळं वाया. निविदेत तो संपूर्ण जोडा, कोऱ्या राहिलेल्या वर्षांसह आणि शंका असलेल्या चेनेजसह. शंका लपवल्याने कंत्राटदाराची बोली कमी येते, पण पुढे दाव्यात ती रक्कम दुपटीने बाहेर पडते. प्रत्येक लाल चेनेजसाठी लेखी सूचना द्या: त्याच्या किती मीटर आधी पुढची शोधभोकं घ्यायची, वायुमापक किती टक्क्यांवर काम थांबवेल, गळतीचं पाणी कोणत्या टाकीत वळवायचं, कोणाला फोन करायचा.

मुदतही लिहा. एएसटीएमच्या पद्धतीत मुलाखती, नोंदींची तपासणी आणि स्थळ पाहणी १८० दिवसांनंतर जुनी धरली जाते. बोगद्याची निविदा निघेपर्यंत दोन-तीन वर्षं सहज जातात. तेवढ्यात वर नवीन पेट्रोल पंप उभा राहतो, कोणी तरी बोअर मारतं. खोदकामाला हात लावण्याआधी टप्पा ३ आणि ४ पुन्हा करा, आणि बांधकामभर पीझोमीटरांची वाचनं चालू ठेवा.

आराखडा सरकला तर काय करायचं, हेही याच अहवालात ठरवून ठेवा. मध्यरेषा बाजूला गेली, शाफ्ट हलला किंवा बोगदा दहा मीटर वर घेतला, तर एल-सेक्शनचा तक्ता, दाबाच्या दोन्ही रेषा आणि लाल चेनेजची यादी नव्याने काढायची, आणि त्याखाली आराखडाकार व भूजलतज्ज्ञ दोघांच्या सह्या घ्यायच्या.